भंगाराचा भाव

द्रेझ्नित्साहून पहाटे साडेतीनला निघालो,
नेझा आणि मी. तिचे डोळे अर्धे झोपेत,
बुटाची एक नाडी सुटलेली.
समोर कर्न,
अंधाराहून काळा, आणि अजिबात घाईत नसलेला.

वाट खेचरांची आहे. सैनिकांनी कोरलेली,
म्हणून चढ असा समंजस:
लादलेल्या जनावराच्या छातीला सोसेल एवढाच,
वळण, दम, पुन्हा वळण.
मरायला जाणाऱ्यांसाठी
कुणीतरी किती काळजीने आखलेली.

माझे आजोबा येर्नेय
लढाई संपल्यावर इथूनच वर जात,
पाठीला रिकामी करंडी.
गोठ्यात गाय नव्हती, घरावर छप्पर नव्हतं,
बटाट्याच्या वाफ्यात कुदळ मारली की पितळ वाजे.
लोखंडाला फुटकळ भाव, शिशाला बरा,
सगळ्यात चढा तांब्याला.
तोफगोळ्याच्या कमरेचा तांब्याचा पट्टा
छिन्नीने हलकेच सोडवावा लागे,
झोपलेल्या बाळाचं झबलं काढावं तसा.
एकदा घाई झाली.
उजव्या हाताची दोन बोटं वरच राहिली.
"डोंगराने काटा मारला," म्हणायचे,
आणि उरलेल्या तिघांनी चिलीम भरायचे.

हाडांना भाव नव्हता.
ती ते टोपीत वेचत
आणि दगडाच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशी, ठेवत.

"कुणाची? आपल्या बाजूची?"
नेझा विचारते. तेरा वर्षांची आहे.
आपली बाजू.
आजोबा जन्मले सम्राटाच्या राज्यात,
भंगार विकलं दुसऱ्याच राजाच्या नाण्यांत,
म्हातारे झाले तिसऱ्या झेंड्याखाली,
मला पेन्शन चौथा देतो.
चुलीची जागा मात्र तीच. धूरही त्याच भिंतीवर.
मी म्हटलं, "पाणी पी. पुढे झरा नाही."

झाडं मागे राहिली. मग गवतही.
चुनखडीच्या भेगांतून बोगद्याची तोंडं,
आत मेंढ्यांचा वास, थंड.
निवाऱ्यातल्या झ्लात्कोने चहा दिला.
त्याच्या खिडकीच्या कट्ट्यावर गंजलेले तुकडे मांडलेत.
"बघ, हात लाव. न्यायचं काही नाही,"
नेझाला म्हणाला. मग माझ्याकडे पाहून,
"तुमच्या घराण्याने पुष्कळ नेलंय."
आम्ही दोघंही हसलो.
खरं होतं ते.

माथ्यावर वारा एवढा
की शब्द तोंडातच चपटे होत.
दक्षिणेला समुद्र, पत्र्याची एक पट्टी.
नेझाचा फोन थरथरला:
इटलीत आपले स्वागत आहे.
ती हबकली. पायाखाली बघितलं,
मग सरहद्द कुठे ते शोधायला डावीकडे, उजवीकडे.
ढगाची सावली त्या दरीतून या दरीत
कुणाला न विचारता चालली होती.

उतरताना तिला ती सापडली:
टाचेची नाल, एक खिळा अजून धरून ठेवलेली.
तिने बूट उचलला, एका पायावर तोल सावरत
नाल टाचेला लावून पाहिली.
बरोबर बसली.

मी काही बोलले नाही. तीही नाही.
नाल तिने होती तिथे ठेवली,
वर एक चपटा दगड, त्यावर आणखी एक,
आणि पहिल्यांदाच वाकून नाडी बांधली.

आमच्या परसात पिळाच्या लोखंडी खुंट्या आहेत.
काटेरी तारांसाठी जमिनीत फिरवून रोवायच्या,
म्हणजे ठोकल्याचा आवाज होत नसे, रात्र फुटत नसे.
आजोबांनी त्या विकल्या नाहीत.
"भाव येत नाही," म्हणायचे. खोटं बोलायचे;
ओळीने चोवीस आहेत, चांगलं जड लोखंड.
दरवर्षी त्यांच्यावर घेवडा चढतो,
लोखंडाचा पीळ धरून, त्याच वळणाने.

संध्याकाळी नेझाने शेंगांनी ओचा भरून आणला.
पायरीवर बसली,
बूट काढून उलटा केला, टाच निरखली,
अंगठ्याने माती खरवडली.
मग परात पुढे ओढून
शेंगा सोलायला लागली.